भट्टीचा पैसा आणि जमिनीचा पैसा

ओतकाम | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, चार वर्षं मनात घोळतंय ते आज लिहून काढतो. लांबेल, सांभाळून घ्या.

बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहानशी फाउंड्री आहे. वडिलांनी सुरू केली, ३१ वर्षं झाली. पंपांच्या बॉडी, थोडं ट्रॅक्टरचं काम, सगळं बिडाचं. सकाळी साचे मांडायचे, दुपारी भट्टी तापली की लाडल, म्हणजे वितळलेल्या रसाचं भांडं, उचलून दोघादोघांनी चालायचं. ओतताना हात अडखळला तर दोन बाजूंनी आलेला रस एकजीव होत नाही, मध्ये शिवण राहते. कोल्ड शट म्हणतात त्याला. डोळ्याला केसाएवढी रेघ दिसते, पण पंप सुरू झाला की तिथूनच फुटतो. असा नग पुन्हा भट्टीत जातो आणि त्यामागची वीज, वाळू, मजुरी पाण्यात जाते. माझ्या उजव्या पायावर त्या रसाचे तीन डाग आहेत. आज आमच्याकडे २६ माणसं कामाला आहेत.

मागच्या महिन्यात भावाबरोबर वाटणीचा कागद करायला बसलो. तेव्हा पहिल्यांदा दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले गेले. एक, फाउंड्रीत ३१ वर्षांत कर्ज, पगार, कर जाऊन जे शिल्लक राहिलं ते. दुसरा, आजोबांच्या अडीच एकरांचा. भाताची जमीन होती. आम्ही तिच्यात २० वर्षांत नांगर घातला नव्हता, वाट्याने दिली होती. मग जवळून मोठा रस्ता होणार अशी बोलवा उठली, मग एक कॉलेज आलं, मग शेजारी लेआउट पडला. २०२१ साली विकली. फोटो, अंगठा, सही, अर्ध्या तासात मोकळे. सगळी रक्कम चेकने. तो आकडा फाउंड्रीच्या ३१ वर्षांच्या दुपटीहून मोठा आहे.

आणि कर? शून्य. आमचं शिवार पालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या बाहेर पडतं. बेळगावच्या लोकसंख्येला कायद्याने तेवढंच अंतर लावलंय. त्याच्या पलीकडची शेतजमीन ही ‘भांडवली मालमत्ता’ धरतच नाहीत, मग नफ्यावर कर कुठला. त्याच वर्षी आमच्या एका मोल्डरने, म्हणजे साचे करणाऱ्या कामगाराने, मुलीला शाळेसाठी सायकल घेतली. तिच्यावर तेव्हा १२ टक्के जीएसटी होता, तो त्याने भरला.

मी कुणाला फसवलं नाही, कायदा मोडला नाही. पण ते पैसे मी ‘कमावले’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं? मोठी संपत्ती सरळ मार्गाने होते का? झाली तर तिच्यावर कर कसा असावा?

पैलवान_येळ्ळूर | सोमवार, रात्री ११.१५

दादा, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.

साधं उदाहरण. आनंदवाडीच्या आखाड्यात नावाजलेल्या मल्लाची कुस्ती आहे. दहा हजार माणसं शंभर-शंभर रुपये देऊन आत येतात. दहा लाख झाले. कुणी कुणावर जबरदस्ती केली? प्रत्येक जण समाधानाने घरी गेला, मल्लाच्या हातात मोठी रक्कम आली. आता आखाड्याऐवजी मोबाइल धरा आणि दहा हजारांऐवजी दहा कोटी माणसं धरा. हिशेब तोच, शून्यं वाढली. जे दहा लाखांना न्याय्य होतं ते हजार कोटींना अन्याय्य कसं होईल?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या कंपनीच्या मालकाने दोन खोल्यांतून सुरुवात केली, आज तो फार श्रीमंत आहे. त्याने माझ्यासारख्या तीनशे पोरांना उभं केलंय. अशा माणसाकडे संशयाने बघितलं तर पुढचा माणूस दोन खोल्या भाड्याने घेणारच नाही.

निपाणीची_लेक | मंगळवार, सकाळी ६.५०

पैलवानभाऊ, तुमचं कुस्तीचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यात तिकीट काढणाऱ्याला घरी जायची मुभा आहे. माझ्या आईला ती नव्हती.

आई विड्या वळायची. सूप मांडीवर, पानं रात्रभर ओल्या फडक्यात. सकाळी कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, तोंड नखाने दुमडायचं, दोरा बांधायचा. हजार विड्यांना दिवस जायचा आणि दिवस म्हणजे पहाटे चारपासून दिवेलागणीपर्यंत. संध्याकाळी टोपली घेऊन जायचं. तिथे माणूस मूठभर उचलायचा, बोटांनी दाबायचा आणि ‘छाट’ म्हणून बाजूला टाकायचा. छाट विड्यांची मजुरी नाही. पण त्या परतही द्यायचा नाही, त्याही विकल्या जायच्या. मी टोपलीला धरून उभी असायची, छाटेचा ढीग मोजायची. शंभरातल्या आठ, कधी दहा. बोलायचं नाही, कारण उद्याची पानं त्याच्याच हातून मिळायची.

आता सांगा, त्या मालकाने जबरदस्ती केली का? नाही. आईने खुशीने दिल्या का? तेही नाही. निपाणीत ज्या पिढ्यांनी तंबाखूच्या वखारी आणि मोठी घरं बांधली त्यातले कष्टाळू लोक मला माहीत आहेत. हुशारी होती, जोखीम होती. पण त्या पैशात छाटेच्या विड्या मिसळलेल्या आहेत, आणि त्या कोणत्या हे आता कुणालाही वेगळं करता येणार नाही.

१९८० च्या सुमारास बायका संघटित झाल्या. पुढच्याच वर्षी तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, १९८१ च्या त्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्याकडे आजही म्हातारे बोलताना मध्येच थांबतात. म्हणजे एकाच मालाच्या दोन टोकांना, पिकवणाऱ्याला आणि वळणाऱ्याला, भाव मिळेना, आणि मधला मात्र मोठा झाला. बाजार खुला होता म्हणून तो न्याय्य होता असं मला म्हणवत नाही.

जांबोटी_घाट | मंगळवार, सकाळी ८.०५

निपाणीताई, वाचून गलबललं. अनुमोदन.

हिशेबवही | मंगळवार, दुपारी २.३०

मी सीए आहे, टिळकवाडीत प्रॅक्टिस. ओतकाम यांनी कायदा बरोबर सांगितलाय. सहा किलोमीटरच्या आत असती तर आजच्या दराने दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के भरावे लागले असते, तेही त्या पैशातून दुसरी शेतजमीन घेतली नसती तर.

‘श्रीमंतांवर कर लावा’ म्हटलं की लोकांना वाटतं हे आपल्याकडे कधी झालंच नाही. सगळं करून झालंय. १९५३ मध्ये इस्टेट ड्यूटी आली, माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवरचा कर. पुढे तिचा वरचा दर २० लाखांवरच्या इस्टेटीला ८५ टक्के झाला. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर १९५७ मध्ये संपत्तीकर, १९५८ मध्ये बक्षीसकर आला. काही वर्षं खर्चावरही कर होता. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. वरच्या टप्प्यातल्या शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्यायचे. एवढ्या दराला कोण खरं सांगणार? दोन वह्यांची सवय तेव्हा लागली, ती आजही आमच्या धंद्यात पुरती मोडलेली नाही.

इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये व्ही. पी. सिंह अर्थमंत्री असताना गेली. वसुली वर्षाला २० कोटींच्या आसपास होती आणि किमतीवरून खटले ढिगाने. संपत्तीकर अरुण जेटलींनी २०१५ च्या अर्थसंकल्पात काढला. २०१३-१४ ची त्याची अख्ख्या देशातली वसुली १,००८ कोटी. कारण साधं आहे. दर ३० लाखांवर एक टक्का, पण त्यात शेअर धरत नव्हते, शेतजमीन धरत नव्हते. उरलं काय? दागिने, मोटार, दुसरं घर, शहरातला रिकामा प्लॉट. खरी मोठी संपत्ती कंपन्यांच्या शेअरमध्ये असते, तिला हातच लागत नव्हता.

म्हणून माझं मत असं: दरवर्षी मालमत्तेवर कर नको. ओतकाम यांच्याकडे भट्टी, पॅनेल, शेड मिळून कागदावर चार कोटी असतील. २०२० सारखं वर्ष आलं, ऑर्डर बंद, तरी कर भरायचा म्हटलं तर भट्टी विकावी लागेल. कर तिथे घ्यावा जिथे पैसा हातात येतो, म्हणजे विक्रीच्या वेळी, आणि जिथे तो कष्टाविना हातात येतो, म्हणजे वारसाने मिळताना.

पैलवान_येळ्ळूर | मंगळवार, दुपारी ३.१०

म्हणजे बापाने आयुष्यभर कर भरून साठवलेल्या पैशावर तो मेल्यावर पुन्हा कर. हा दुहेरी कर झाला.

हिशेबवही | मंगळवार, दुपारी ३.४५

बापाने पगारातून साठवलं असेल तर तुमचं बरोबर. पण मोठ्या इस्टेटीतला बराचसा भाग असा असतो की ज्यावर एकदाही कर लागलेला नसतो. १९९० मध्ये दहा रुपयांना घेतलेला शेअर आज हजाराचा झाला. विकला नाही, म्हणून कर नाही. माणूस गेला, शेअर मुलाकडे आला, त्यावर कर नाही. ओतकाम यांच्या जमिनीचं तर तेही नाही, विकूनही शून्य.

आकडे हवे असतील तर २०२४ मध्ये फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांनी भारताचा अभ्यास मांडला. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४०.१ टक्के संपत्ती. त्यांची सूचना होती, १० कोटींच्या वरच्या संपत्तीवर वर्षाला दोन टक्के आणि १० कोटींच्या वरच्या वारशावर ३३ टक्के. दोन टक्केवाला भाग मला पटत नाही, कारण वर सांगितलं. वारशाचा पटतो. १२ कोटींचा वारसा असेल तर कर फक्त वरच्या दोन कोटींवर, म्हणजे ६६ लाख. मुलाकडे ११ कोटी ३४ लाख उरतातच. ब्रिटनमध्ये ४० टक्के आहे, जपानमध्ये वरचा दर ५५. तिथे कारखाने बंद पडले नाहीत.

ऊसपट्टा | मंगळवार, रात्री ९.२०

हिशेबवही सर, तुमचं गणित बरोबर असंल. पण आमी रायबागकडची माणसं, आमाला ‘जमिनीवर कर’ म्हटलं की पोटात गोळा येतो बगा.

माझा सहा एकर ऊस हाय. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हंजे कारखान्यानं द्यायचा सरकारी किमान भाव, क्विंटलला ३५५ व्हता, साखरेच्या सव्वादहा टक्के उताऱ्याला. त्यातनं तोडणी-वाहतूक जाते. तोडणीच्या टोळीला वर द्यायची खुशाली येगळी, ड्रायव्हरला द्यायची एन्ट्री येगळी. काट्यावर गाडी चढली की मी आकड्याकडं बगत उभा ऱ्हातो, पर आकडा त्यांचा, काटा त्यांचा. कायद्यात हाय १४ दिवसांत पैसे द्यायचे, न्हाईतर १५ टक्के व्याज. बिल चार-चार म्हैने थांबलंय माझं, व्याजाचा रुपाया कधी बगितला न्हाई. नोव्हेंबर २०२५ ला गुर्लापूर क्रॉसवर आमी बसलो, टनाला ३,५०० मागितले, ३,३०० वर मिटलं. रस्त्यावर बसल्याबिगर ते पन मिळालं नसतं.

आता याच उसावर ज्यांनी साम्राज्यं उभी केली त्यांच्याकडं ‘शेती उत्पन्न’ म्हनून किती कागद असतील? शेतीला प्राप्तिकर न्हाई, ती सवलत माझ्यासाठी हाय म्हनत्यात. मला मुळात करपात्र एवढं मिळतच न्हाई. सवलत खरी कुनाला मिळती, इचार करा. पर ती काढायची म्हटली की पयली नोटीस मलाच येनार, ही बी भीती खरी हाय.

आनि वारसा कराचं सांगतो. बेळगावजवळ ज्याची दहा एकर हाय त्याची कागदावर किंमत कोटीत. तो भात पिकवतो. बाप मेला, पोराला कर भरायचा, पैसा कुठला? जमीन इकली. म्हंजे सरकारच बिल्डरला गिऱ्हाईक करून देनार.

हिशेबवही | मंगळवार, रात्री १०.००

अण्णा, मुद्दा शंभर टक्के खरा. यावर उपाय आहे. वारस स्वतः कसत असेल तोवर कर उभा राहू द्यायचा, वसूल करायचा नाही. विकेल त्या दिवशी विक्रीच्या पैशातून कापायचा. कसणाऱ्याला झळ नाही, प्लॉट पाडणाऱ्याला सूट नाही.

रस्त्याखालचं_शेत | मंगळवार, रात्री ११.३५

हा धागा दोनदा वाचला. ओतकामदादांच्या जमिनीची किंमत ज्या प्रकारच्या रस्त्याने वाढली, तसल्या रस्त्याखाली माझी पावणेदोन एकर गेली. म्हणून दुसरी बाजू सांगतो.

तिबार पीक काढायचो. भात, मग मसूर-हरभरा, मग पाणी असेल तर भाजी. पहाटे मोटारसायकलवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधून मार्केटला. जमीन संपादनात गेली. भरपाई कशी ठरते माहीत आहे का? २०१३ च्या कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांत आसपास ज्या नोंदणीकृत विक्री झाल्या, त्यातल्या वरच्या अर्ध्या घेऊन सरासरी काढतात. ऐकायला न्याय्य. पण आमच्याकडे २० लाखांचा गुंठा कागदावर पाचला लिहितात. बाकीचे पिशवीतून. घेणाऱ्याचा मुद्रांक वाचतो, देणाऱ्याचा कर वाचतो, दोघे खूश. तो खोटा पाच लाखांचा आकडा पुढे माझ्या भरपाईच्या सरासरीत येऊन बसतो. म्हणजे त्यांनी चुकवलेला कर सरकारने भरला नाही, मी भरला. माझ्या शेताने भरला.

आणि रस्ता झाल्यावर दोन्ही बाजूंच्या जमिनी सोन्याच्या झाल्या. त्या बाजूच्या लोकांनी काय केलं? काही नाही, फक्त त्यांचा सर्व्हे नंबर पन्नास पावलं पलीकडे होता. माझा राग त्यांच्यावर नाही, त्यातले दोघे माझे मावसभाऊ आहेत. पण ज्याच्या शेतावरून रस्ता गेला त्याने किंमत मोजायची आणि ज्याच्या शेताकडेने गेला त्याने नफा घ्यायचा, आणि त्या नफ्यातला एक रुपयाही इकडे यायचा नाही, हे बरोबर कसं?

ओतकाम | बुधवार, सकाळी ७.१०

दादा, मी चेकने घेतले याचा मला आतापर्यंत थोडा अभिमान होता. तुमचं वाचून कळलं की तेवढ्याने भागत नाही.

जुनी_शाळा | बुधवार, दुपारी १२.१५

मी हुक्केरी तालुक्यात ३४ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. या प्रश्नावर आपल्याच मातीत जुना विचार पडून आहे, तो सांगतो.

आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. एकोणिसाव्या शतकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी मोजणी बसवली तिचं तत्त्व लक्षात घेण्यासारखं आहे. सारा, म्हणजे जमिनीचा कर, ठरवायचा तो जमिनीच्या प्रतीवर. माती किती खोल, पाणी धरते का, चुनखडी आहे का. आणि शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली, बांध घातला, तर त्यापायी सारा वाढवायचा नाही. मुदत ३० वर्षांची. म्हणजे कष्टाने जे वाढलं ते कष्ट करणाऱ्याचं, त्यावर हात नाही. मात्र फेरमोजणीत रेल्वे आली, बाजार जवळ झाला, भाव चढले, हे धरून सारा वाढवता येई.

ओतकाम यांचे दोन आकडे मला या कसोटीवर स्वच्छ दिसतात. फाउंड्री ही विहीर आहे. अडीच एकरांची चढलेली किंमत ही रेल्वे आहे.

पण याच तत्त्वाचा दुरुपयोग कसा होतो तेही आपण भोगलंय. बार्डोलीत रेल्वे-रस्त्यांनी भरभराट झाली असं सांगून सरकारने सारा २२ टक्के वाढवला. १९२८ मध्ये शेतकऱ्यांनी वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली तो भरायचं नाकारलं. जनावरं जप्त झाली, जमिनी गेल्या. नंतर चौकशी बसली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. कागदावरची भरभराट आणि घरातली भरभराट यात एवढं अंतर होतं. ऊसपट्टा यांच्या पोटातला गोळा तिथला आहे. म्हणून हिशेबवही म्हणतात ते मला पटतं, प्रत्यक्ष विक्री होईल तेव्हाच कर. विक्रीचा पैसा खोटा ठरत नाही, जर कागदावर खरा लिहिला तर.

आणखी एक. १२ व्या शतकात बसवण्णा कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बिज्जळ राजाचे कोषाधिकारी होते, तिजोरी हातात असलेला माणूस. त्यांच्या परंपरेत दोन शब्द आहेत, कायक आणि दासोह. कायक म्हणजे काम, स्वतःच्या हाताचं, आणि त्यातून मिळेल तेच खरं. दासोह म्हणजे गरजेपुरतं ठेवून उरलेलं समाजाला, आणि तेही उपकार केल्याच्या भावनेने नाही, परतफेड म्हणून. आमच्या गावात मराठी बोलणारी आणि कन्नड बोलणारी दोन्ही घरं हे शब्द सारखेच वापरतात. १९२४ मध्ये आपल्या बेळगावात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आयुष्यात एकदाच, आणि त्यांचीही पुढे विश्वस्तपणाची मांडणी याच्या जवळची: धनिकाने स्वतःला मालक न मानता राखणदार मानावं. मी हे वर्गात फार आवडीने शिकवलं. पण ३४ वर्षांत मला असं दिसलं की बाप विश्वस्तासारखा वागतो आणि मुलगा मालकासारखा. फी भरायला पैसे नसलेल्या मुलांना मदत करणारं एक घर होतं आमच्याकडे. म्हातारे गेले त्या जूनमध्ये मदत बंद झाली. नवव्या वर्गातल्या दोन मुली त्या वर्षी शाळेतून गेल्या. राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात संपत्ती काही हातांत साठून सर्वांचं अहित होऊ नये असं लिहिलंय, ते कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही. त्या दोन मुलींना कायदा हवा होता.

पैलवान_येळ्ळूर | बुधवार, रात्री ९.००

गुरुजी, विहीर आणि रेल्वे हे मनात बसलं. जमिनीबाबत मी माघार घेतो. जमीन कुणी बनवलेली नाही, तिची किंमत शेजाऱ्यांनी आणि रस्त्यांनी वाढते. विक्रीच्या नफ्यावर जबर कर लावा, सहा किलोमीटरची रेघ पुसा, माझी हरकत नाही.

आमच्या कंपनीबद्दल मात्र अजून वाटतं की तिच्यातली विहीर मोठी आणि रेल्वे लहान आहे. आणि दुसरी शंका खरी आहे, टाळू नका. कर देऊन मिळतं काय? माझं आजोळ खानापूर तालुक्यात जंगलात आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आजारी माणूस आजही खांद्यावरून न्यावा लागतो. मामीला तसं नेताना मी एक बाजू धरली होती, गुडघाभर चिखल, वर प्लास्टिकचा कागद. त्या दिवशी माझ्या पगारातून कापलेला कर आठवून डोळ्यांत पाणी आलं. श्रीमंताकडून आणखी घेतलं तर तो पैसा त्या ओढ्यावर पुलाच्या रूपाने येईल याची हमी कोण देणार?

निपाणीची_लेक | बुधवार, रात्री १०.२०

भाऊ, हमी नाही देत, पण एक उदाहरण देते, माझं स्वतःचं.

विडीवर पूर्वी सेस, म्हणजे ठरावीक कामासाठीचा वेगळा कर, होता. १९७६ च्या कायद्याने, हजार विड्यांमागे थोडेसे पैसे. तो सरकारच्या मोठ्या तिजोरीत हरवायचा नाही, विडी कामगारांच्या कल्याण निधीतच जायचा. त्यातून दवाखाने, घरांना मदत, मुलांना शिष्यवृत्ती. मला सातवीपासून ती शिष्यवृत्ती मिळाली. वह्या, गणवेश, पुढे कॉलेजची फी. आज मी शिक्षिका आहे ती त्या हजारामागच्या पैशांवर. मालकाच्या दयेने मला एक पाटी मिळाली नसती. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो सेस गेला. कर सुटसुटीत झाला म्हणाले. झाला असेल.

म्हणून मला वाटतं, जमिनीच्या नफ्यावरचा कर लावताना तो कुठे जाणार हे त्याच कायद्यात लिहावं. ज्या तालुक्यातली जमीन, त्याच तालुक्यातले पूल, आणि रस्त्याखाली ज्यांचं शेत गेलं त्यांची वाढीव भरपाई. मग लोक पावती बघतील आणि समोर पूल बघतील. हिशेबवही सरांचा १२ कोटींचा माणूससुद्धा कदाचित कमी कुरकुर करेल.

हिशेबवही | गुरुवार, सकाळी ९.४०

हे सेसचं मी विसरलो होतो. बरोबर आहे ताई. आणि रस्त्याखालचं_शेत यांच्या मुद्द्यावर एक जोडतो. खऱ्या किमतीची नोंद झाली नाही तर कुठलाच कर उभा राहत नाही. आज मुद्रांकाच्या सरकारी दरापेक्षा फारच कमी लिहिलं तर प्राप्तिकरवाले सरकारी दर धरतात, पण सरकारी दरच बाजारापासून लांब असतो. माझ्याकडे महिन्याला चार जण ‘किती कागदावर दाखवू’ विचारायला येतात. आतापर्यंत मी त्यांना कायदा सांगायचो. आता पावणेदोन एकरांची गोष्ट सांगेन.

ओतकाम | गुरुवार, रात्री १०.०५

सगळ्यांचं वाचलं, भावालाही वाचून दाखवलं. त्याला माझ्याइतकं पटलेलं नाही. तो म्हणतो कायद्याने माफ आहे तर आपण कशाला ओझं घ्यायचं. त्याचा वाटा त्याचा आहे.

माझ्या वाट्यापुरतं सांगतो. कायदा जेव्हा बदलेल तेव्हा बदलेल. आमच्याकडे जुने मोल्डर आहेत, एकाला २४ वर्षं झाली. त्याचा पगार २२ हजार धरला तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम, वर्षाला १५ दिवसांची, २६ ने भागून, तीन लाखांच्या थोडी वर होते. ती देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मी खरं सांगतो, ती आजवर फक्त ताळेबंदातली एक ओळ होती. पैसा बाजूला काढलेलाच नव्हता. धंदा बसला असता तर त्याला काही मिळालं नसतं. जमिनीच्या पैशातून ती सगळी रक्कम आधी बाजूला काढतो, आणि वर तेवढीच आणखी. उपकार म्हणून नाही. ज्या वर्षी मला शून्य कर लागला त्या वर्षी त्याने सायकलवर भरला, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

जुनी_शाळा | गुरुवार, रात्री १०.३०

फार चांगलं. पण कागदाने बांधून ठेवा. तुमच्यामागे मुलांना थांबवता येऊ नये असं करा.

हिशेबवही | गुरुवार, रात्री १०.५०

ग्रुप ग्रॅच्युइटी फंड करू. एकदा पैसा तिकडे गेला की मालकालाही धंद्यासाठी काढता येत नाही. शनिवारी मस्टर घेऊन या.

निपाणीची_लेक | गुरुवार, रात्री ११.१०

दादा, एक विचारू? आईला कित्येक वर्षं विडी कामगाराचं कार्ड नव्हतं, कारण रजिस्टरवर नावच नव्हतं. विड्या तिच्या, नाव दुसऱ्याचं. कार्ड मिळालं तेव्हा माझी शिष्यवृत्ती सुरू झाली. तुम्ही सुरुवातीला २६ माणसं म्हणालात. मस्टरवर किती आहेत?

ओतकाम | गुरुवार, रात्री ११.४५

एकोणीस. फेटलिंगची सात जण कंत्राटदाराकडून येतात. कास्टिंगची धार घासून काढतात, दिवसभर धुळीत. त्यातला एक नऊ वर्षं आमच्याच शेडमध्ये आहे.

शनिवारी त्या सातांची नावं आणि आधार घेऊन येतो.